वाळवंट नुसते पिवळे नसते

वाळवंटाचे चित्र काढायला सांगितले, की शाळकरी मूल काय करते? कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात पिवळा रंग, त्यात दोन-तीन गोलसर टेकड्या, वर निळे आकाश, मावळतीचा लाल गोळा आणि मधोमध एक उंट. पाच मिनिटांत चित्र तयार! गंमत अशी, की मोठी माणसेही फारसे वेगळे काही करीत नाहीत. राजस्थानच्या सहलीवरून परतलेल्या कुटुंबाचा आल्बम उघडला, तर त्यातही हेच वाळवंट भेटते. पिवळे, सपाट आणि रिकामे.

हौशी चित्रकार रंगपेटी घेऊन जैसलमेरला पोहोचतो तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू होते. तो जर महाराष्ट्रातून आलेला असेल, तर जास्तच. सह्याद्रीच्या परिसरात वाढलेल्या डोळ्याला निसर्गचित्रातली खोली जणू आयती मिळते. एकामागे एक डोंगररांगा उभ्या असतात, पुढची गडद हिरवी, तिच्यामागची निळसर, त्यामागची धूसर. पावसाळी हवा रांगारांगांमध्ये पातळ पडदे सोडते आणि कागदावर कोसांचे अंतर उभे राहते. थरच्या वाळवंटात या रांगा नाहीत, पावसाळी हवाही नाही. समोर जमीन आणि वर आकाश. मग त्या दोहोंमधले अंतर दाखवायचे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर रंगांच्या दुकानात मिळत नाही. ते जैसलमेरच्या आसपासच्या ४०-५० किलोमीटरांच्या टापूत मिळते. फक्त तिथे थोडे थांबावे लागते, थोडे चालावे लागते आणि समोर दिसते ते काय आहे, हे विचारून घ्यावे लागते.

दगडाचे सोने

जैसलमेरची ओळख होते ती किल्ल्यापासून. रावळ जैसल या भाटी राजाने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला आसपासच्या सपाटीवरून सुमारे ७६ मीटर उंच उठतो. त्याला ९९ बुरूज आहेत आणि आजही त्याच्या आत माणसे राहतात. घरे, दुकाने, जैन मंदिरे, अरुंद गल्ल्या, दारात बसलेल्या आजीबाई असे सगळे काही तटाच्या आत. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या 'सोनार केल्ला' या चित्रपटाने तो देशभर पोहोचवला. २०१३ मध्ये राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

'सोन्याचा किल्ला' म्हटले, की चित्रकाराचा हात आपोआप पिवळ्या ट्यूबकडे जातो. पण किल्ल्यासमोर दोन तास बसले, तर हे सोने किती रंग बदलते ते कळते. सकाळी कोवळ्या उन्हात दगड गुलाबीकडे झुकतो. दुपारी तो जवळजवळ पांढरा पडतो. संध्याकाळी मात्र मधासारखा तापतो. आणि बुरुजांच्या ज्या बाजूवर ऊन नाही, ती बाजू पिवळी तर नसतेच, तपकिरीही नसते. ती चक्क निळसर जांभळी असते. कारण सोपे आहे. सावलीत सूर्याचा प्रकाश पोहोचत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतो. शिवाय खालच्या तापलेल्या जमिनीवरून परतणारा उजेड सावलीच्या तळाशी थोडी ऊब मिसळतो. म्हणून एकाच सावलीत वर थंड आणि खाली उबदार अशा दोन छटा दिसतात.

वाळवंटी चित्राचा पहिला धडा इथेच मिळतो. पिवळ्याला पिवळेपण येते ते शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे. सगळा कागद यलो ऑकरने भरला, तर त्यात ना ऊन दिसेल ना सोने.

हा दगड म्हणजे चुनखडी आहे. जुरासिक काळात या भागावर समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या थरांतून हा पिवळा दगड घडला. त्यात आजही सागरी जीवांचे अवशेष सापडतात. शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर बाडमेरच्या रस्त्याला आकल हे ठिकाण आहे. तिथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड बनलेले ओंडके उघड्यावर पडलेले दिसतात. आज जिथे सावलीला झाड शोधावे लागते, तिथे एकेकाळी दाट अरण्य होते, हे कळल्यावर समोरच्या सपाटीकडे 'काहीच नसलेली जागा' म्हणून पाहणे अवघड होऊन बसते.

अंतर दिसते कसे?

दूरच्या वस्तू फिकट आणि निळसर दिसतात, हे लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवले होते. मधल्या हवेमुळे असे होते, हेही त्याने ओळखले होते. जगभरच्या कलाशाळांत हा नियम शिकवला जातो. थरमध्ये मात्र तो जरा वेगळा वागतो.

हिवाळ्यात, विशेषतः चुकून एखादी सर पडून गेल्यावर, इथली हवा इतकी कोरडी आणि स्वच्छ असते, की चार-पाच किलोमीटरवरचे झाड हाकेच्या अंतरावर असल्यासारखे दिसते. नवखा माणूस 'चला, त्या झाडापर्यंत जाऊन येऊ' म्हणतो आणि तासभर चालूनही झाड तितकेच दूर राहते! उन्हाळ्यात उलटा प्रकार होतो. नैर्ऋत्येकडून येणारा वारा धूळ उडवतो आणि ती हवेत तरंगत राहते. तेव्हा क्षितिज निळे दिसत नाही, राखाडी-पिवळे दिसते. आकाशही डोक्यावर गडद आणि क्षितिजाजवळ अगदी फिके होते. जमीन आणि आकाश जिथे मिळतात तिथे रेष उरतच नाही, नुसता एक धुरकट पट्टा उरतो.

म्हणून थरच्या चित्रात अंतर दाखवण्यासाठी फक्त निळ्या रंगावर भिस्त ठेवून चालत नाही. उजेड आणि सावली यांतला फरक अंतराप्रमाणे कमी करत न्यावा लागतो. पायाशी असलेल्या झुडपाची सावली गडद, कडा ठसठशीत. शंभर पावलांवरच्या झुडपाची सावली तिच्यापेक्षा उजळ. त्यापलीकडचे झुडूप म्हणजे एक फिकट ठिपका. एवढे सांभाळले, तर सपाट मैदानही मागे सरकू लागते. क्षितिजाची रेष पट्टी लावून आखली, की चित्र तिथेच भिंतीसारखे थांबते. तीच रेष काही ठिकाणी हरवू दिली, तर नजर पलीकडे जाते.

वेळेलाही फार महत्त्व आहे. दुपारी बाराच्या उन्हात इथे खोली शोधणे व्यर्थ. सावल्या वस्तूंच्या पायाखाली दडून बसतात आणि सारी जमीन एका रंगाची होते. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास, हा चित्रकाराचा खरा कामाचा दिवस. मधला वेळ खाणाखुणा टिपायला, पेन्सिलीची रेखाटने करायला आणि सावलीत बसून चहा प्यायला.

वाऱ्याने काढलेल्या रेघा

जैसलमेरपासून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम गावाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत. नैर्ऋत्येला तेवढ्याच अंतरावर खुडी हे गाव आहे. या टेकड्यांना इथे 'धोरे' म्हणतात. संध्याकाळी समला उंट, जीपगाड्या, ढोलकीवाले आणि पर्यटक यांची जत्रा भरते. त्यामुळे चित्रकाराने तिथे पहाटे जावे. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीची सगळी पावले पुसून टाकलेली असतात आणि वाळूवर नव्या लहरी उमटलेल्या असतात.

या लहरींकडे नीट पाहिले, तर वाळूचा पोत रंगवण्याचे निम्मे काम होते. लहरींच्या रेघा वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात. ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूचा उतार सौम्य आणि पलीकडचा उभा. सबंध टेकडीचेही तेच. वाऱ्याकडची बाजू लांब आणि चढायला सोपी. माथ्यापलीकडची बाजू एकदम उतरती, जिच्यावरून पाऊल ठेवताच वाळू घसरते. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा जास्त उभी राहू शकत नाही. त्याहून उभी झाली, की ती आपोआप ओघळते. म्हणून चित्रात टेकडीची बाजू मंदिराच्या शिखरासारखी उभी दाखवली, की वाळवंट पाहिलेल्या माणसाला ती लगेच खटकते.

माथ्याची धार हा तर वाळूच्या टेकडीचा प्राण. ऊन आणि सावली तिथे सुरीने कापल्यासारखी वेगळी होतात. तीच सावली खाली सपाटीला मिळते तिथे मऊ होते, विरघळते. एक कडा टणक आणि दुसरी मऊ, एवढ्या एका गोष्टीने टेकडीला गोलाई येते.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे लहरी सगळीकडे सारख्याच काढणे. मग वाळूऐवजी पन्हाळी पत्रा अंथरल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात पायाशी असलेल्या लहरी वीतभर अंतराने सुटसुटीत दिसतात, थोड्या पुढे त्या दाट होतात, आणखी पुढे नुसती खरखर उरते आणि शेवटी सपाट रंग. पोताची ही उतरती भाजणी हीच वाळवंटातली खोली. डोंगररांगांचे काम इथे लहरी करतात.

आता साहित्याविषयी. जलरंगासाठी जाड, खडबडीत कागद घ्यावा. ब्रशमधले पाणी निपटून काढावे आणि जवळजवळ कोरडा ब्रश कागदावरून आडवा ओढावा. रंग कागदाच्या उंचवट्यांवरच बसतो, खळगे कोरे राहतात आणि वाळूचा कण दिसू लागतो. जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन बोटाने उडवला, तर जवळची भरड वाळू आणि खडे तयार होतात. हे सगळे फक्त पुढच्या भागात करावे. लांबच्या भागात कागद ओला करून एकच पातळ वॉश पुरतो. पुढे खरखरीत आणि मागे गुळगुळीत, हा क्रम मोडला तर खोली गेलीच.

इथली हवा जलरंगाची वैरीण आहे. घरी पाच मिनिटे ओला राहणारा वॉश इथे पाहता पाहता वाळतो आणि मध्येच डाग धरतो. म्हणून रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा आणि कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर बसवावा. तैलरंगाची अडचण वेगळी. वाळूचे कण उडून ओल्या रंगात चिकटतात. पण त्याने निराश व्हायचे कारण नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हॉलंडमधल्या स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात समुद्राचे चित्र रंगवले. त्या चित्राच्या रंगात अडकलेले वाळूचे कण आजही दिसतात. तैलरंग आणि ॲक्रिलिक यांत काम करणारे काही चित्रकार तर पुढच्या भागासाठी रंगात मुद्दाम बारीक वाळू मिसळतात आणि पॅलेट नाइफने तो थर बसवतात.

रंगही फार लागत नाहीत. यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू आणि थोडा पांढरा. वाळूला पिवळा-तांबूस रंग येतो तो तिच्या कणांवरच्या लोहाच्या गंजासारख्या पातळ थरामुळे, आणि यलो ऑकर हीदेखील लोहाचीच माती. म्हणजे चित्रकार जवळजवळ वाळूच्याच रंगाने वाळू रंगवत असतो.

मधला पट्टा रिकामा का राहतो?

इतके सगळे जमूनही पुष्कळदा चित्र पोकळ वाटते. पुढे लहरी छान, मागे क्षितिज छान आणि मध्ये एक मोठा पिवळा पट्टा, ज्याचे काय करायचे ते सुचत नाही. मग तिथे उंट उभा केला जातो. उंट बिचारा किती चित्रांची अशी लाज राखतो!

हा पट्टा रिकामा राहतो, कारण तिथे काय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. थर म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा अखंड समुद्र नव्हे. समच्या परिसरापासून पसरलेल्या ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात टेकड्यांनी व्यापलेला भाग सुमारे एक पंचमांश आहे. बाकी सगळे खडकाळ पठार, खडे विखुरलेली जमीन, गवताळ माळ आणि झुडपे. हीच ती मधली जमीन. तिचे वाचन करायला शिकले, की चित्राला भरायला नव्हे, निवडायला वस्तू मिळतात.

पहिली ओळख करून घ्यावी खेजडीची. हिला पाहून मराठी माणसाने परके वाटून घेऊ नये. ही आपली दसऱ्याची शमी! १९८३ मध्ये राजस्थानने तिला राज्यवृक्ष केले. हिवाळ्याच्या तोंडाला गावकरी तिच्या फांद्या छाटतात आणि पाला जनावरांसाठी साठवतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत खेजडी गाठीगाठींच्या मुठी वळून उभी असल्यासारखी दिसते. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, आणि केरच्या फळांबरोबर केलेली तिची भाजी मारवाडच्या घराघरांत होते. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडे तोडू न देता अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. एवढे कळल्यावर चित्रात तिचा हिरवा ठिपका कोणी घाईने उरकणार नाही.

तिच्याशेजारी फोगाची राखी झुडपे आणि आक, म्हणजे आपली रुई. वसंतात केशरी-पिवळ्या फुलांनी भरणारा रोहिडा. आणि या सगळ्यांच्या मधून पसरलेले सेवण गवत. पावसानंतर ते हिरवे असते, मग वाळून फिकट सोनेरी होते. उन्हाकडे तोंड करून पाहिले, तर त्याच्या कडा उजळतात आणि माळ हलल्यासारखा दिसतो. वाळू आणि सेवण यांची पिवळी छटा जवळजवळ एक, पण पोत अगदी निराळा. वाळूच्या रेघा आडव्या, गवताच्या उभ्या. एवढ्या फरकानेही मधला पट्टा बोलू लागतो.

शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा हे ओसाड गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पालीवाल ब्राह्मणांनी ते सोडले. दिवाण सालिमसिंगाच्या जाचाला कंटाळून सारी गावे एका रात्रीत रिकामी झाली, अशी दंतकथा सांगतात. पाण्याची टंचाई आणि करांचा बोजा ही कारणेही दिली जातात. छपरे नसलेल्या दगडी भिंतींच्या सरळ रांगा आणि मधून जाणारे रस्ते यांमुळे यथार्थदर्शनाचा अभ्यास करायला ही उत्तम जागा. पर्यटक इथे भुतांच्या गोष्टी ऐकतात. पण पालीवालांनी मागे ठेवलेली खरी नवलाची गोष्ट गावाबाहेर आहे. तिचे नाव खडीन.

खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल जागी मातीच्या लांब बांधाने अडवायचे. पाणी जमिनीत मुरले, की त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पेरायचा. वरून एक थेंबही द्यायचा नाही. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ही शेती शेकडो वर्षे चालत आली आहे. जानेवारीत एखाद्या उंचवट्यावरून पाहिले, तर पिवळ्या-तपकिरी जमिनीत मध्येच हिरव्या रंगाची एक पट्टी पसरलेली दिसते. चित्रकाराला हवा असलेला मधला रंग तिथे आधीपासूनच असतो, माणसाने कष्टाने ठेवलेला.

जुन्या चित्रकारांचे वाळवंट

इथल्या जुन्या चित्रकारांनी वाळवंट कसे रंगवले, हे पाहणेही मौजेचे आहे. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात बादल महाल आहे. त्याच्या भिंतींवर निळे ढग दाटले आहेत, विजा चमकताहेत, पावसाच्या धारा कोसळताहेत. ज्या प्रदेशात ढग हीच दुर्मीळ चीज, तिथे राजाने भिंतींवर कायमचा पावसाळा रंगवून घेतला!

जोधपूरची गोष्ट वेगळी. महाराजा मानसिंग यांच्या काळात, १८२३ मध्ये, बुलाकी या चित्रकाराच्या हातून नाथ संप्रदायाच्या ग्रंथासाठी एक चित्र तयार झाले. त्याचा एक भाग म्हणजे नुसता सोनेरी पृष्ठभाग. त्यात आकृती नाही, रेषा नाही. सृष्टीपूर्वीचे निराकार तत्त्व दाखवण्यासाठी चित्रकाराने ही निखळ सोनेरी पोकळी निवडली.

आणि आजही गावागावांतल्या बायका शेणामातीने सारवलेल्या भिंतींवर आणि अंगणात गेरू आणि खडूच्या मातीने मांडणे काढतात. बोटांच्या ठशांनी उमटलेला त्या भिंतींचा पोत कोणत्याही कलाशाळेत शिकवून येणारा नाही. खुडीसारख्या गावात घरांच्या अशा भिंती पाहायला मिळतात. मालकिणीची परवानगी घेऊन त्यांच्यासमोर तासभर बसावे. मातीचा रंग मातीच्याच हाताने कसा लावतात, ते कळते.

क्षितिजावरचे नवे खांब

आता एका अवघड प्रश्नाकडे येऊ. शहराच्या उत्तरेला सहा-एक किलोमीटरवर बडा बाग आहे. जैसलमेरच्या राजांच्या छत्र्या तिथे ओळीने उभ्या आहेत. चित्र काढायला यासारखी जागा नाही. पण छत्र्यांच्या मागे आज पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. २००१ पासून या जिल्ह्यात पवनचक्क्या वाढत गेल्या आणि त्यांची क्षमता हजार मेगावॉटच्या पुढे गेली. पाठोपाठ सौरऊर्जेचे विस्तीर्ण प्रकल्प आले, आणि वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब तारांचे मनोरे.

यापूर्वीही हे क्षितिज बदलले आहेच. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघणाऱ्या आणि आज इंदिरा गांधी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले आणि १९८७ च्या सुमारास पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. जिथे सेवण होते तिथे काही ठिकाणी मोहरी आली. माणसांची तहान भागली, हे विसरून चालणार नाही. देशाला विजेचीही गरज आहे आणि कोळशाच्या धुरापेक्षा वारा-ऊन बरे, हेही खरे.

पण याच माळावर एक पक्षी राहतो. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. मराठीत त्याचे नाव माळढोक. १९८१ मध्ये तो राजस्थानचा राज्यपक्षी झाला. मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. त्यामुळे आडव्या तारा त्याच्यासाठी जीवघेण्या ठरतात. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, पण तिथली त्याची संख्या घटत घटत नाममात्र उरली. सगळे मिळून दीडशेच्या आत उरलेल्या या पक्ष्याचा मुख्य आसरा आज जैसलमेरचा माळ आहे. सम येथे २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने त्या आदेशात बदल केला आणि पक्षी आणि वीज या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली.

याचा चित्राशी काय संबंध? संबंध आहे. प्रकल्पांसाठी जमीन निवडली जाते तेव्हा सरकारी दप्तरात ती बऱ्याचदा 'पडीक' म्हणून नोंदलेली असते. गावाच्या दृष्टीने मात्र तीच जमीन 'ओरण' असते. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे फांदी तोडायची नाही, पण गुरे चरतात, तळ्यावर पाणी पितात. आपल्याकडच्या देवरायांची ही वाळवंटी बहीण. काही ठिकाणी गावकऱ्यांनी ओरण वाचवण्यासाठी पदयात्रा काढल्या, ही जमीन महसुली कागदांवर ओरण म्हणूनच नोंदवावी, अशी मागणी केली. ज्या जागेची पिवळी, सपाट, रिकामी अशीच चित्रे वर्षानुवर्षे पाहिली गेली, ती जागा पडीक ठरवणे कोणालाही सोपे जाते. मधला पट्टा फक्त कागदावरच रिकामा राहत नाही.

मग पवनचक्क्या चित्रात घ्याव्यात की वगळाव्यात? यावर चित्रकारांचे एकमत होणार नाही. छत्र्या रंगवताना मागची पाती गाळली, तर चित्र सुंदर होईल, पण ते पन्नास वर्षांपूर्वीचे होईल. घेतली, तर चित्रात आपोआप एक मोजमाप येईल. दगडी छत्री किती लहान, पाते किती मोठे आणि त्यांच्या मधला माळ किती रुंद, हे एकदम समजेल. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मात्र आधी ते सगळे पाहून घेतलेले असावे.

रंगपेटी घेऊन निघताना

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवस सुखद असतात, रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते, म्हणून लोकरीचे कपडे हवेत. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव भरतो. तेव्हा गर्दी आणि खर्च दोन्ही वाढतात. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा मुलांना घेऊन जाण्याचा विचारही नको. जोधपूरहून रेल्वेने किंवा रस्त्याने जाता येते. रस्त्याने अंतर सुमारे २८५ किलोमीटर आहे. सीमेलगतच्या भागात जाण्यासाठी परवानगी लागते, तिची चौकशी जैसलमेरमध्येच करावी.

बरोबर छोटा बोर्ड, कागद धरायला चिमटे, दोन बाटल्या पाणी (एक पिण्यासाठी, एक रंगांसाठी), रुंद काठाची टोपी आणि रंगपेटी झाकायला ओले फडके असावे. रंगाचे पाणी आणि कागदाचे बोळे वाळूत टाकू नयेत. मुले सोबत असतील, तर त्यांनाही एकेक वही द्यावी आणि एक छोटा खेळ लावून द्यावा. एका जागी बसून समोर दिसणाऱ्या वेगवेगळ्या पिवळ्या रंगांची यादी करायची. वाळूचा, गवताचा, दगडाचा, धुळीचा, उंटाच्या केसांचा, रोहिड्याच्या फुलांचा. यादी पाचावर थांबेल, असे मुलांना वाटते. दहाच्या पुढे गेली, की ती स्वतःहून विचारू लागतात, हे झाड कोणते, ती हिरवी पट्टी कसली, तो पक्षी कोणता.

त्यांच्या प्रश्नांची उत्तरे जवळच बकऱ्या वळणारा एखादा म्हातारा देतो. त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिले, की जिथे काहीच नव्हते तिथे एक बांध दिसतो, बांधापलीकडे शेत, शेतापलीकडे खेजड्यांची ओळ आणि ओळीमागे ओरणातले तळे. मग ब्रश उचलावा.